विद्यापीठातल्या स्टाफचे मोबाईल कसे सांभाळावेत

‘‘मेल येईना झालाय, जरा बघा की वो सर.’’ कॉम्प्युटर विभागात बसणाऱ्याचा दिवस या वाक्यानं सुरू होतो. लॉक उघडलेला फोन टेबलावर येतो, मागं आणखी दोघं उभे असतात. बेळगावजवळ भूतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ असो, मच्छेचं व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) असो, नाहीतर खानापूर-निपाणीकडचं एखादं कॉलेज. हजेरी, गुण, परिपत्रकं असं बरंच काम आता स्टाफच्या हातातल्या फोनवर येऊन पडलंय. ते फोन बघणारा माणूस मात्र पुष्कळ ठिकाणी एकटाच असतो. त्याच्यासाठी हे लिहितोय. फोन घेऊन त्याच्याकडं जाणाऱ्यांनी वाचलं तर त्याचा निम्मा ताप वाचेल.

फोन कुणाचा, ते आधी विचारा

पुढं केलेला फोन लगेच हातात घेऊ नका. तो संस्थेचा आहे की स्वतःचा, हे पहिल्यांदा विचारा. परीक्षा विभागाचा टॅब संस्थेचा असेल तर त्यात काय असावं, काय नसावं हे संस्था ठरवणार. प्राध्यापकांनी स्वतःच्या पैशानं घेतलेल्या फोनमध्ये आपला हक्क संस्थेच्या खात्यापुरता. फोटो, बँकेचं ॲप, नातवाचे गेम यांच्याकडं बघायचंसुद्धा नाही.

मग एक पानभर कागद तयार करा. आम्ही काय करून देणार: मेल, वाय-फाय, कॅलेंडर, हजेरीचं ॲप, दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं). काय करणार नाही: फुटलेली स्क्रीन, व्हॉट्सॲपचा बॅकअप, घरच्यांचे फोन. कागद कन्नड आणि मराठी दोन्हीत हवा, म्हणजे गोकाकचे क्लार्क आणि येळ्ळूरचे सर एकच नियम वाचतील. वरिष्ठांची सही घ्या. सही नसलेला नियम पहिल्या आठवड्यात मोडतो, आणि तो मोडणारे बहुधा वरिष्ठच असतात.

सोबत एक रजिस्टर ठेवा. नाव, विभाग, फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयफोनची आवृत्ती, शेवटचा सुरक्षा अपडेट कधीचा, आणि आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. *#०६# डायल केलं की आयएमईआय स्क्रीनवर येतो. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही लिहा. हे रजिस्टर भरायला कंटाळा येतो, मान्य. फोन एसटीत राहिला की मग त्याची किंमत कळते.

स्वतःच्या फोनवर कामाचा डेटा जास्त असेल तर अँड्रॉइडमधलं वर्क प्रोफाईल, म्हणजे फोनमधला कामाचा वेगळा कप्पा, वापरा. त्यात कामाची ॲप्स वेगळी राहतात, त्यांच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. संस्थेला खाजगी फोटो किंवा मेसेज दिसत नाहीत आणि पुसायची वेळ आली तर तेवढा कामाचा भागच पुसला जातो. हे लोकांना नीट समजावून सांगा. ‘‘तुम्ही माझा फोन बघत बसणार’’ ही भीती गेली नाही तर कुणी प्रोफाईल बसवून घेणार नाही.

वाय-फाय

प्रत्येकाच्या वेगळ्या नाव-पासवर्डनं चालणारं वाय-फाय असेल तर फोन जोडताना जे रकाने विचारतो ते सेटिंग कागदावर छापून भिंतीला लावा: ईएपी पद्धत पीईएपी, दुसरा टप्पा एमएसचॅप-व्ही२, पुढं सर्टिफिकेट आणि डोमेन. तुमच्याकडं वेगळी पद्धत असेल तर ती लिहा, पण अक्षर न् अक्षर लिहा. जुन्या स्क्रीनशॉटवर ‘सर्टिफिकेट तपासू नका’ हा पर्याय निवडायला सांगितलेलं असतं. २०२० च्या अखेरीपासून अँड्रॉइड ११ मधून तो पर्याय निघत गेला. नवा फोन घेतलेले लोक तो शोधत बसतात आणि शेवटी आपल्या दारात येतात.

पर्याय काढला ते बरंच झालं. समोरचं वाय-फाय आपलंच आहे याचा पुरावा म्हणजे ते सर्टिफिकेट. ते न तपासता जोडलं तर कुणीही कँटीनमध्ये त्याच नावाचं वाय-फाय सुरू करून पासवर्ड गोळा करू शकतो.

संस्था एड्युरोमची, म्हणजे एकाच लॉगिनवर दुसऱ्या संस्थांतही चालणाऱ्या वाय-फायची, सभासद असेल (भारतात ते अर्नेट या शिक्षणसंस्थांच्या नेटवर्कमार्फत चालतं) तर वापरकर्त्याचं नाव ॲट आणि डोमेनसकट पूर्ण टाकायला लावा. नुसत्या नावावर इथं कदाचित चालेल, पण तेच सर सेमिनारला पुण्याला गेले की तिथून फोन येतो.

अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला स्वतःचा बनावट मॅक पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखायचा क्रमांक) दाखवतो. तुम्ही मॅक पत्ता नोंदवून परवानगी देत असाल, तर तेवढ्या नेटवर्कपुरती ही सोय बंद करायला सांगा.

पासवर्ड बदलला की

आमच्याकडच्या एका मॅडमांचं खातं रोज सकाळी दहाच्या सुमारास लॉक व्हायचं. उघडून दिलं की दुपारपर्यंत ठीक, दुसऱ्या दिवशी परत तेच. फोन तपासला, मेल काढून पुन्हा घातला, काही फरक नाही. तिसऱ्या दिवशी लॉगिनच्या नोंदी उघडल्या तर त्यांच्या फोनशिवाय आणखी एक यंत्र दिसलं.

‘‘तो होय? तो जुना टॅब वो. शहापुरात आईकडं असतोय, भाची कार्टून बघते त्याच्यावर.’’

टॅबमध्ये मॅडमांचं खातं अजून होतं, जुन्या पासवर्डसकट. सकाळची कामं आटोपली की आई टॅब सुरू करून भाचीपुढं ठेवणार, टॅब वाय-फायला लागणार आणि मागच्या मागं जुन्या पासवर्डनं मेल मागत राहणार. ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड आला की सर्व्हर खातं बंद करतो. कार्टूनवाली बिचारी निर्दोष.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलाय. पासवर्ड बदलायच्या आधी, खातं कुठं कुठं आहे ते विचारा: फोन, टॅब, घरचा लॅपटॉप, मुलाला दिलेला जुना फोन. तिथून खातं काढा. मग पासवर्ड बदला. मग रोजच्या फोनवर जोडा आणि एक मेल आला की पुढच्या यंत्राकडं जा.

टॉवर इकडचा की तिकडचा

ही अडचण आपल्या भागाची. कर्नाटक हे एक टेलिकॉम सर्कल (मोबाईल सेवेचा विभाग), महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. सीमेपलीकडच्या शिनोळीहून येणाऱ्याचा फोन घरी महाराष्ट्राचा टॉवर धरतो आणि कँपसवर कर्नाटकाचा. निपाणीच्या कडेला तर बसल्या जागी टॉवर बदलतो. फोनवर बोलणं चालतं, पण डेटा रोमिंग (आपल्या सर्कलबाहेर नेट वापरायची सेटिंग) बंद असेल तर काही वेळा नेट मिळत नाही. तक्रार मात्र येते, ‘‘मेल घरी येतोय, कॉलेजात येईना.’’ म्हणून सीमेपलीकडून येणाऱ्यांच्या फोनमध्ये डेटा रोमिंग चालू आणि नेटवर्कची निवड स्वयंचलित ठेवा.

जांबोटी-कणकुंबीकडं भर पावसात रेंजचा भरवसा नसतो. तिकडच्या लोकांना एसएमएसच्या ओटीपीवर सोडू नका. ऑथेंटिकेटर ॲप घालून द्या. ते दर ३० सेकंदांनी नवा आकडा दाखवतं आणि त्याला रेंज लागत नाही. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं, म्हणून तारीख-वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू करा. गूगलच्या खात्याला १० बॅकअप कोड मिळतात. ते छापून पाकिटात ठेवायला सांगा. प्रत्येक कोड एकदाच चालतो.

पावसाचा विषय निघालाच आहे तर, भिजलेला फोन बंद करा, पुसा, वाऱ्याला ठेवा आणि चार्जरला लावू नका. तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको. बेळगाव बासमतीचे बारीक कण फोनच्या भोकात जातात आणि भातही वाया जातो.

कन्नड परिपत्रक, मराठी उत्तर

परिपत्रक आलं, फोनवर उघडलं, आणि समोर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. फाईल बिघडलेली नसते. कन्नड टायपिंगच्या नुडीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाईप केलेल्या मजकुरात आतून इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, कन्नड आकार तो फाँट देतो. फोनमध्ये तो फाँट नाही, म्हणून चिवडा. जुन्या मराठी डीटीपी फाईलींचंही तेच. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ किंवा युनिकोडमधली (कुठल्याही फोनवर वाचता येणारी) फाईल मागवा. फोनवर फाँट घालण्याच्या फंदात पडू नका.

कन्नड वाचायला अडणाऱ्यांना गूगल लेन्स दाखवा. कॅमेरा धरला की मराठीत मतलब कळतो. तारीख, वेळ आणि शुल्क मात्र मूळ कागदावरून कन्नड येणाऱ्या सहकाऱ्याकडून वाचून घ्यायचं, हे दोनदा सांगा. टाईप करायला जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जोडून द्या; पृथ्वीगोलाच्या चिन्हावर टिचकी मारली की भाषा बदलते. वयस्कर मंडळींना बोलून टाईप करणं आवडतं.

हरवला, किंवा लग्नपत्रिका उघडली

फोन हरवला तर दुसऱ्या फोनवरून गूगलचं फाइंड हब उघडा (आयफोन असेल तर फाइंड माय) आणि फोन लॉक करा. सिम बंद करून त्याच नंबरचं नवं घ्यायला पाठवा. दरम्यान तुम्ही संस्थेचं खातं सगळीकडून लॉगआऊट करून पासवर्ड बदला. मग पोलीस तक्रार. कर्नाटकात पोलिसांच्या ई-लॉस्ट सेवेवर नोंद करता येते. फोन चंदगडात किंवा कोल्हापुरात गेला असेल तर तिकडं. तक्रारीची प्रत आणि रजिस्टरमधला आयएमईआय घेऊन केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो. तो ब्लॉक देशभर लागतो, सीमेचा प्रश्न येत नाही.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके फाईल, म्हणजे खरं तर एक ॲप, येते. कुणी ती बसवलीच तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन. रागवायचं नंतर. खरं तर रागवूच नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगायला येणार नाही.

निवृत्ती आणि बदली

निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी अर्धा तास मागून घ्या. स्वतःच्या फोनवरून फक्त संस्थेचं खातं किंवा वर्क प्रोफाईल काढा. संस्थेचा टॅब परत येत असेल तर रीसेट करण्याआधी त्यातलं गूगल खातं त्यांच्याकडूनच काढून घ्या. ते न काढता टॅब बटणं दाबून रीसेट केला, तर सुरू होताना तो त्यांचंच जुनं खातं मागतो, आणि तोवर सर गावाकडं शेतात असतात.

शेवटी विभागाची सामाईक खाती तपासा, परीक्षा विभागाचा मेल तर आधी. त्याचा ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो ते बघा. आमच्याकडं तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या सरांच्या नंबरवर जात होता. निकालाच्या दिवसांत रोज सकाळी त्यांना फोन करायचा, ते चष्मा शोधायचे आणि एकेक आकडा वाचून सांगायचे.