ओझोन लावायच्या आधी: हवेच्या बाजूचा कार्बन!

रीफ, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, नीट चालू आहे, स्किमर (हवेचे बुडबुडे सोडून पाण्यातली घाण फेसासकट वरच्या कपात काढतो तो) व्यवस्थित फेस काढतोय, हे धरून चालतो. तेच नसेल तर ओझोनच्या वाटेला जाऊ नका.

ओझोन बनवून स्किमरच्या हवेत सोडणारं मशीन (ओझोनायझर) मोठं घेऊ नका. 200 लिटरच्या टँकला ताशी 15 ते 25 मिलिग्रॅम ओझोन पुष्कळ झाला, आणि सुरुवात त्याच्या निम्म्यावर. ओआरपी कंट्रोलरशिवाय नाहीच; पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद मिलिव्होल्टमध्ये मोजून तो ओझोन बंद-चालू करतो. त्याचा प्रोब सम्पमध्ये (टँकखालच्या टाकीत), स्किमरचं पाणी पडतं तिथून लांब. नवा प्रोब पहिले काही दिवस वाट्टेल ते आकडे दाखवतो, तेवढा धीर धरा. कट-ऑफ 375 मिलिव्होल्टला. नळी सिलिकॉनची, साध्या एअरलाइनला तडे जातात.

आता कार्बन, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कोळसा. स्किमरमधून पडणाऱ्या पाण्याखाली सगळेच ठेवतात, कारण ओझोन आणि समुद्री पाण्यातलं ब्रोमाइड मिळून जे तयार होतं ते प्रवाळांना सोसत नाही. पण स्किमरच्या कपातून हवाही बाहेर पडते आणि उरलासुरला ओझोन तिच्याबरोबर थेट हॉलमध्ये येतो. तिथेही कार्बन लागतो! मागच्या वेळी नेमका तोच राहिला; झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला वास आणि घरभर खोकला. नाक थोड्या वेळात सरावतं, म्हणून 'आता वास नाही' याला काडीची किंमत नाही. कपाचं झाकण घट्ट बसवा, एकच भोक ठेवा, त्यावर कार्बनची डबी. गच्च भरू नका, हवा अडली की फेस बिघडतो. कप ओसंडून कार्बन भिजला तर तो गेला, बदला.

हवा कोरडी हवी. दमट हवेत ओझोन कमी बनतो, वर नायट्रिक आम्ल तयार होऊन मशीन खातं. म्हणून आधी सिलिका जेलचा ड्रायर. एप्रिलात दाणे टिकतात; जुलैत पुण्याची हवा त्यांना बघता बघता निळ्याचे गुलाबी करते. 120 अंशांवर सुकवता येतात, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको, त्या निळ्यात कोबाल्ट असतं. आणि हवेच्या बाजूचा कार्बन? बसवला? जाऊन बघून या.

गुरुवारी लाइट जाणार, हे गृहीतच धरा. ओझोनायझर इन्व्हर्टरवर आणि स्किमरचा पंप बंद, असं झालं तर ओझोन घरात. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. मशीन पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, ओझोनला टिकणारा चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) लावा.

सुरू केल्यावर पाण्याचा पिवळेपणा जातो आणि प्रवाळांवर एकदम जास्त उजेड पडतो, तेव्हा लाइट आधीच कमी करा. खिडकी उघडी. पोपट दुसऱ्या खोलीत. घरात कुणाला दमा असेल तर हा नादच नको. प्रोब अधूनमधून पुसा, कार्बन दोन्हीकडचा बदला, दोन्हीकडचा. वास आला की आधी प्लग काढा, कारण मग शोधा.