उपनगरातल्या आमदाराची कारकीर्द आणि भूमिका कशी तपासावी

मुंबई उपनगर जिल्ह्यात विधानसभेचे २६ मतदारसंघ आहेत. आपल्या आमदाराने नेमकं काय केलं हे पाहायचं असेल, तर घरपोच आलेला रंगीत कार्यअहवाल बाजूला ठेवा आणि थेट मूळ कागदांकडे वळा.

आधी उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. २००९, २०१४, २०१९, २०२४ अशी जितकी मिळतील तितकी शेजारी ठेवा. पक्ष कधी बदलला ते लगेच दिसतं. २००९च्या मागे जाताना जपून, कारण २००८च्या पुनर्रचनेत मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या. नाव तेच असलं तरी वस्त्या तशाच असतील असं नाही. मालमत्तेची एकूण बेरीज बघून निष्कर्ष काढू नका. जुना फ्लॅट तसाच पडून असला तरी त्याचा चालू बाजारभाव वाढतोच. नवीन काय घेतलं, ते खरेदीच्या तारखेवरून बघा. गुन्ह्यांच्या रकान्यात कलम वाचा: जुलै २०२४पूर्वीच्या गुन्ह्यांत भादंवि (भारतीय दंड विधान) १४३ म्हणजे बेकायदा जमाव, आंदोलनात ते सर्रास लागायचं. फसवणुकीचं ४२० ही गोष्ट वेगळी.

आता भूमिका. इथे बहुतेकांची गल्लत होते, ती मतदानावरून भूमिका शोधण्यात. विधेयकं सहसा आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यामुळे कोणी कुठे मत दिलं याची नोंदच राहत नाही. मतविभागणी, म्हणजे मतं मोजून मतदान झालं तरी पक्षादेश (व्हिप) असतो आणि तो मोडला तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, आमदारकी जाऊ शकते. म्हणून मत सोडा, प्रश्न वाचा.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नोत्तरांच्या, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, याद्या आणि सभागृहाची कार्यवाही मिळते. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली’, शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. एकाच प्रश्नाखाली डझनभर आमदारांची नावं असू शकतात, म्हणून ‘अमुक इतके प्रश्न विचारले’ या आकड्याला फार किंमत देऊ नये. तो प्रश्न सभागृहात पुकारला गेला तेव्हा उपप्रश्न कोणी विचारला, ते त्या दिवसाच्या कार्यवाहीत शोधा. मंत्र्याने ‘अंशतः खरे आहे’ म्हणून वेळ मारून नेली असेल, तर पुढच्या अधिवेशनात त्याच विषयावर लक्षवेधी सूचना किंवा अर्ध्या तासाची चर्चा आली का? हा पाठपुरावा हीच खरी कसोटी. आमदार मंत्री असेल तर त्याच्या नावावर प्रश्न नसणारच. तिथे त्याच्या खात्याचे शासन निर्णय वाचा.

विषय निवडताना अधिकार कोणाचा ते बघा. लोकल रेल्वे केंद्राची, गटार आणि कचरा महापालिकेचा. राज्याच्या हातात आहेत झोपडपट्टी पुनर्वसनातली पात्रता, म्हाडा वसाहतींचा पुनर्विकास, पोलीस, एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) मेट्रो. विकास नियंत्रण नियमावलीतले बदल तर अनेकदा सभागृहात येतही नाहीत. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली अधिसूचना निघते आणि हरकती मागवल्या जातात. त्यावर आमदाराने पत्र दिलं होतं का, हे मंत्रालयातल्या नगरविकास विभागाकडे माहिती अधिकारात विचारता येतं.

आमदार निधीचाही मार्ग तोच. आमदार फक्त काम सुचवतो. मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळते आणि काम दुसरीच यंत्रणा करते. अर्ज वांद्रे पूर्वेच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन शाखेच्या जनमाहिती अधिकाऱ्याला करा, शुल्क १० रुपये. एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘पैसे कुठे गेले?’ असं विचारलं की अर्ज निकाली निघतो, कारण खुलासा देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद देणं आहे. म्हणून वर्ष लिहून नेमकं मागा: शिफारस पत्र, प्रशासकीय मान्यता आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत. शेवटचं सगळ्यात कामाचं. त्यात पेव्हर ब्लॉकची लांबी-रुंदी लिहिलेली असते, टेप घेऊन जागेवर मोजता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपये भरून प्रथम अपील करा.