रॅगिंगच्या कायद्याला आव्हान द्यायचंय? आधी फिर्याद वाचा

यंदाच्या मूटला, म्हणजे लॉच्या विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेला, पुन्हा तोच विषय आलाय: महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा घटनाबाह्य आहे, असं अर्जदारातर्फे मांडायचं. दोन वर्षांपूर्वी याच विषयावर मी सेमीफायनलला तोंडावर आपटलो होतो, म्हणून हे ज्युनिअर्ससाठी.

कायद्याची प्रत, घटना, निकाल तुमच्याकडे असतीलच. ते सगळं बाजूला ठेवा. आधी प्रॉब्लेममधली (स्पर्धेसाठी दिलेल्या काल्पनिक खटल्यातली) फिर्याद काढा आणि आपल्या अशिलानं काय केलं ते एका वाक्यात लिहा. मी लिहिलं नव्हतं.

मग व्याख्या. शारीरिक वा मानसिक इजा, भीती, लाज किंवा संकोच निर्माण करणारं वागणं म्हणजे रॅगिंग. त्यातच चिडवणं, थट्टा करणं आणि एरवी विद्यार्थी आपणहून करणार नाही ते करायला सांगणंही येतं. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. 'संकोच' आणि 'थट्टा' दिसले की कुणाचेही हात शिवशिवतात. फ्रेशर्सना गाणं म्हणायला लावलं, वाढदिवसाला तोंडाला केक फासला, तरी गुन्हा, म्हणजे कायदा संदिग्ध, असं मी पाच मिनिटं रंगवून सांगितलं. बेंचनं, म्हणजे न्यायाधीशांनी, शांतपणे विचारलं, "केकचं राहू द्या. तुमच्या अशिलानं काय केलं?" त्यानं पहिल्या वर्षाच्या मुलाला रात्रभर गच्चीवर उघडं उभं करून पट्ट्यानं मारलं होतं. "यात संदिग्ध काय?" माझी वाचाच बसली.

ज्याचं कृत्य व्याख्येच्या गाभ्यातच बसतं, त्याला काठावरच्या उदाहरणांवर कायदा संदिग्ध म्हणून सहसा पाडता येत नाही. म्हणून फिर्याद. अतिव्याप्तीचं, म्हणजे कायदा गरजेपेक्षा जास्त पसरट असण्याचं, वेगळं: भाषणस्वातंत्र्यावर गदा येत असेल तर तिथे इतरांची उदाहरणं चालतात. हे दोन मुद्दे मेमोरियलमध्ये (लेखी युक्तिवादात) एका मथळ्याखाली कोंबू नका. मी कोंबले होते.

२०१५ चा श्रेया सिंघल निकाल, ज्यात सर्वोच्च न्यायालयानं आयटी कायद्याचं कलम ६६अ संदिग्ध म्हणून रद्द केलं, सगळेच घेऊन येतात. घ्या, पण ६६अ बोलण्या-लिहिण्याबद्दल होतं आणि पट्टा म्हणजे भाषण नव्हे, हे समोरची टीम म्हणणारच. उत्तर आधीच लिहून ठेवा.

अमेरिकेतले निकाल वाचाच, पण आपल्या बाजूचं काही मिळेल या आशेनं नको. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९२ मध्ये तिथला रॅगिंगविरोधी कायदा टिकवला, मिझुरीच्या न्यायालयानं १९९५ मध्ये. फ्लोरिडाचा २०१८ चा निकाल तर दोनदा वाचा. २०११ मध्ये ऑर्लँडोत विद्यापीठाच्या बँडमधल्या मुलांनी आपल्याच ड्रम मेजरला बसमध्ये मारलं आणि तो गेला. बसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मार खात जायचं, अशी ती प्रथा. त्या कायद्यात खेळ आणि स्पर्धांना सूट आहे. बचावानं म्हटलं, हीदेखील स्पर्धाच, आणि कायदा संदिग्ध. न्यायालयानं दोन्ही फेटाळलं. तिथेही सगळं येऊन थांबतं ते बसमध्ये काय घडलं यावरच. फिर्याद, फिर्याद, फिर्याद.

बेंच म्हणेल, कायदा कशाला पाडायचा, शब्दांचा अर्थच आकुंचित करू. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग प्रकरणात राजद्रोहाच्या कलमाचं तेच झालं. पर्यायी मागणी म्हणून हे तुम्हीच आधी मांडा, पण अर्थ कितीही आवळला तरी गच्चीवरचा मार आतच राहतो, हे समजून मांडा. अर्जदार कॉलेजचे प्राचार्य असतील तर मामला निराळा: तक्रारीवर हालचाल केली नाही तर अपप्रेरणा (गुन्ह्याला साथ) मानली जाते, तिथे घटनेचे अनुच्छेद १४ (समानता) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्य) जोरात चालतात.

बाकी नेहमीचंच. कंपेंडियमला (निकालांच्या संचाला) टॅब, रिबटलला (प्रत्युत्तराला) दोनच मुद्दे, घड्याळ. आणि सगळ्या फाइलींच्या वर फिर्यादीचं पान, अशिलाचं कृत्य लाल पेनानं अधोरेखित करून.