माझा एएसआयडी १, त्याचाही १

एएमडीचं व्हीएमरन (पाहुणा सुरू करणारी सूचना), व्हीएमसीबी (पाहुण्याची स्थिती ठेवणारा ब्लॉक), नेस्टेड पेजिंग (पाहुण्याच्या पत्त्यांचं हार्डवेअरनेच केलेलं भाषांतर) येतं असं धरून चालतोय. येत नसेल तर आधी ते शिका, नेस्टेडच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या पोटात व्हर्च्युअल मशीन चालवण्याच्या, वाटेला इतक्यात जाऊ नका.

जुळे सोलापुरातली वरच्या मजल्यावरची खोली, मे महिना, एएमडीचा जुना डेस्कटॉप. शिकायचं म्हणून स्वतःचा छोटा हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम (एल०), लिहीत होतो. त्याचा पाहुणा एल१ बूट झाला, एल१च्या पोटात त्याचा पाहुणा एल२ही झाला. आणि एल२च्या कन्सोलवर एल१चा बॅनर उमटला, तोही अर्धाच. डीबगचा प्रिंट टाकला की बग गायब, काढला की हजर. दोन महिने असेच गेले.

चूक एका ओळीची. एल१ने आपल्या पाहुण्याला, एल२ला, एएसआयडी (पत्त्यांच्या भाषांतराची नोंद कोणाची ते सांगणारा नंबर) १ दिला आणि मी तो आकडा जसाच्या तसा खऱ्या व्हीएमसीबीत उतरवला. एल१ला मी दिलेला एएसआयडीही १च होता. ० होस्टसाठी राखीव, म्हणून जो तो १पासूनच मोजतो ना! टीएलबीला, म्हणजे ती भाषांतरं साठवणाऱ्या प्रोसेसरच्या कॅशेला, एल१-एल२ काही कळत नाही, त्याला पत्ता आणि त्यावर चिकटवलेला नंबर कळतो. घर नंबर १२ इथे प्रत्येक नगरात सापडेल. नगराचं नाव खोडलं तर पोस्टमन काय करणार?

तेव्हा एल१ लिहितो ती त्याची समजूत. खरा आकडा एल०नेच द्यायचा, एल२साठी वेगळा. पण एवढ्यावर थांबलात तर पुन्हा आपटाल. मी आपटलो. फ्लश (टीएलबीतल्या नोंदी पुसणं) वाचवायला एल१ आपल्या पाहुण्याचा एएसआयडी १चा २ करतो आणि जुन्या नोंदी बाद झाल्या असं समजतो. तुम्ही मात्र १ आणि २ दोन्ही एकाच खऱ्या एएसआयडीवर बसवलेले असतात, म्हणजे जुन्या नोंदी जिवंतच. मागचा आकडा लक्षात ठेवा, बदलला की फ्लश करा. एल१ने व्हीएमसीबीतल्या टीएलबी कंट्रोलमध्ये फ्लश मागितला किंवा इन्व्हएलपीजीए (एका पत्त्याची नोंद बाद करणारी सूचना) चालवलं, तर तेही खऱ्या एएसआयडीवर करा.

मित्राने इंटेलवर व्हीपीआयडीत (तिथला एएसआयडी) हाच घोळ घातला आणि त्याचं काहीच बिघडलं नाही! ईपीटी (इंटेलचं नेस्टेड पेजिंग) चालू असली की नोंदीवर ईपीटीच्या मुळाचा पत्ताही असतो. एल१, एल२ची मुळं वेगळी, म्हणून चूक झाकली गेली. त्याच्या भरवशावर राहू नका.

एक सीनियर म्हणाले होते, ‘दर एंट्रीला सगळा टीएलबी फ्लश कर अन् मोकळा हो.’ कारण सांगितलं नाही, त्याचा राग अजून आहे. पण पहिल्या दिवशी तुम्हीही हेच करा. हळू चालेल, पण बरोबर चालेल. मी फ्लश टाकला, बग गेला, काढला, आला. तेव्हा कुठे टीएलबीवर संशय गेला. मग प्रत्येक व्हीएमरनआधी खरा एएसआयडी छापला. रात्री दीडला स्क्रीनवर १, १, १, १. हसू आलं आणि रडूही.

आणि हो, एएसआयडी किती आहेत ते सीपीयूआयडीला (प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सूचनेला) विचारा, मनाने आकडा धरू नका. केव्हीएमखाली (लिनक्सचा हायपरवायझर) प्रयोग करत असाल तर एल१ला दिसणारा आकडा खऱ्या प्रोसेसरपेक्षा वेगळा असू शकतो.