घरसभेत न्यायनिवाड्याचा पाठ कसा घ्यावा

न्यायनिवाडा, म्हणजे शेवटी देव करणार तो न्याय, म्हटला की बरेच जण थेट बायबलमधलं प्रकटीकरण 20 उघडतात: पांढरं राजासन, उघडलेली पुस्तकं, अग्नीचं सरोवर. लेकरं आईला बिलगतात, मोठी माणसं मान खाली घालून बसतात आणि पाठ तिथेच संपतो. सुरुवात स्तोत्र 96 च्या 11 ते 13 या वचनांनी करा. तिथे शेत आणि त्यातलं सगळं उल्हासतं, रानातली झाडं गातात, कारण परमेश्वर न्याय करायला येतो आहे. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादापायी तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा घेणाऱ्या माणसाला यातला आनंद समजावून सांगावा लागत नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत साडेसातच्या आधी कुणी जमत नाही आणि नऊला डोळे मिटायला लागतात. पाऊण तास धरा, मुख्य वाचन एकच ठेवा: मत्तय 25:31-46. तिथे मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसा राजा माणसं वेगळी करतो: गरजूंना मदत केलेले उजवीकडे, न केलेले डावीकडे. सोळा वचनं आहेत, तिघांत वाटून द्या: एक राजा, एक उजवीकडचे, एक डावीकडचे. मधलं निवेदन राजाच्याच वाचकाकडे. भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला ही यादी चार वेळा येते. वाचणारे कंटाळून ती गाळतात, गाळू देऊ नका. चौथ्या वेळी डावीकडचे ती घाईघाईत उरकतात, हे कानाला कळलं पाहिजे. आणि दोन्हीकडचे एकच विचारतात: प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं? इथे जरा थांबा. उजवीकडच्यांनाही पत्ता नव्हता. हिशेबात जमा व्हावं म्हणून त्यांनी ताट वाढलं नव्हतं.

पहिली अडचण शेरडांची. बकरी ही गरिबाची गाय. जिच्या जिवावर पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो, तिला पापी ठरवलं तर ते घरात कुणाला पटत नाही, पटायलाही नको. दाखला जनावराच्या गुणाचा नाही, वेगळं करण्याचा आहे. दिवसभर एकत्र चरलेला कळप मेंढपाळ निवडून दोन बाजूंना करतो, एवढंच.

दुसरी अडचण चित्रगुप्ताच्या वहीची. ऐकणाऱ्यांच्या डोक्यात पाप-पुण्याचा ताळेबंद आधीपासून असतो. त्याची टर उडवू नका, शेजारीपाजारी तेच मानतात. फरक मात्र नीट दाखवा. प्रकटीकरण 20:12 मध्ये कृत्यांची पुस्तकं आहेत, आणि त्यांशिवाय आणखी एक पुस्तक आहे, जीवनाचं.

मग कुणीतरी विचारतंच: विश्वासानं तारण, तर कृत्यांप्रमाणे न्याय कशाला? योहान 5:24 (विश्वास ठेवणाऱ्यावर न्यायाचा प्रसंग येत नाही) आणि 2 करिंथ 5:10 (प्रत्येकाला कृत्यांप्रमाणे फळ मिळतं) शेजारी शेजारी वाचा. इथे बियाण्याचा दाखला चालतो. पिशवीवर कोणत्याही कंपनीचं नाव असो, बोगस बियाणं बोंडं धरायच्या वेळी उघडं पडतं. पीक बियाणं घडवत नाही, ते काय होतं हे दाखवतं. मत्तय 7:21 (नुसतं 'प्रभू, प्रभू' म्हणून भागत नाही) त्याला जोडून घ्या. दाखला याहून ताणू नका, नाहीतर चर्चा कृषी केंद्रावर जाते आणि परत येत नाही.

निदणाचा, म्हणजे गव्हात उगवलेल्या तणाचा, दाखला (मत्तय 13) भंडारा-गोंदियाकडे लवकर कळतो, कारण धानातलं सावा हे तण कोवळं असताना ओळखू येत नाही. पण याचा वापर 'आपल्या मंडळीत निदण कोण' हे शोधायला होतो. वचन 38 बोट ठेवून वाचायला लावा: शेत म्हणजे जग. उपटायची घाई चाकरांना होती, मालकानं कापणीपर्यंत थांबा म्हटलं.

प्रभू येण्याच्या तारखेचा विषय निघाला तर मार्क 13:32 पुरे: तो दिवस कुणालाच ठाऊक नाही. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ला प्रभूची वाट पाहिली, तो दिवसही नेहमीसारखाच मावळला.

पंथभेद थोडक्यात आटोपा. कॅथलिक शिकवणीत मरणानंतर लगेच होणारा व्यक्तिगत न्याय आणि शेवटचा सार्वत्रिक न्याय असे दोन आहेत. काही सुवार्तिक आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या विश्वासणाऱ्यांचं न्यायासन आणि पांढरं राजासन वेगळं मानतात. ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल, हे मतांगीकारातलं, म्हणजे विश्वासाच्या जुन्या कबुलीतलं, वाक्य सगळे मानतात. वाद वाढला तर त्यावर या.

सगळ्यात जपायचं ते कर्जापायी कुणी जीव दिलेल्या घराला. 'त्याचं काय होईल?' हा प्रश्न बहुधा सभेत येत नाही, चपला घालताना हळूच येतो. निकाल सांगू नका, तो तुमच्याकडे नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाचा परिच्छेद 2283 स्पष्ट म्हणतो की अशा माणसांच्या तारणाची आशा सोडू नये. उत्तर उभ्या-उभ्या देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्या घरी जा, तिथली बाई वावरातून परतल्यावर, आणि बायबल उघडण्याआधी तिचं ऐका.