कालगुर्लीच्या लाल मातीत सोने शोधायला जाताना

पर्थहून पूर्वेला साधारण ६०० किलोमीटर गाडी हाकली की कालगुर्ली येते. १८९३ च्या जूनमध्ये पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन सोबत्यांना इथे सोने सापडले, आणि तेव्हापासून या मुलखातून सोने निघतेच आहे. शहराला खेटून असलेली सुपर पिट ही अवाढव्य उघडी खाण कंपनीची. पण आजूबाजूच्या रानात आजही साधा माणूस मेटल डिटेक्टर घेऊन उतरू शकतो, आणि नियम पाळून शोधलेले सोने स्वतःकडे ठेवू शकतो. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि दर सुट्टीत समुद्रकिनाराच बघून कंटाळलेल्या मराठी मंडळींनी आठवडाभराचा हा बेत एकदा करून पाहायला हरकत नाही.

खर्च निघेल का? बहुधा नाही. १९८० मध्ये व्हिक्टोरिया राज्यात किंगोवरजवळ केविन हिलियर यांना डिटेक्टरने २७ किलोंचा नगेट, म्हणजे सोन्याचा नैसर्गिक गोळा, सापडला होता, आणि तेव्हापासून प्रत्येक नवख्याच्या डोळ्यांपुढे तोच असतो. प्रत्यक्षात हाती लागणारा तुकडा बहुतेक वेळा एका ग्रॅमच्या आतला असतो, आणि तोही लागला तर.

नवी माणसे एक गोष्ट हमखास उलटी करतात. महिनोन्‌महिने यंत्रांची तुलना करतात आणि जागा मात्र तिथे पोहोचल्यावर ठरवतात. क्रम असा ठेवा: आधी कागद, मग जागा, मग यंत्र.

पहिली पायरी: परवाना आणि नकाशा

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात जमिनीखालचे सोने सरकारचे. ते शोधायचा आणि ठेवायचा हक्क ‘मायनर्स राइट’ या परवान्याने मिळतो. राज्याच्या खाण खात्याकडून तो काढायचा. फी किरकोळ असते आणि परवाना आयुष्यभर चालतो. तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, म्हणून गटातल्या प्रत्येक शोधणाऱ्याने स्वतःचा काढायचा आणि रानात जवळ बाळगायचा. व्हिक्टोरियाचा परवाना इथे चालत नाही, इथला तिथे चालत नाही. नागरिक नसाल तर व्हिसाच्या अटी खात्याला आधीच विचारून घ्या.

परवाना हातात आला म्हणजे कुठेही खणायला मोकळीक मिळाली असे नाही, आणि इथेच बरेच लोक गोत्यात येतात. कालगुर्लीभोवतीची पुष्कळ जमीन कुणा ना कुणाच्या नावे खाणकामासाठी लागलेली आहे. अशा तुकड्याला ‘टेनमेंट’ म्हणतात. खात्याच्या नकाशावर त्यांचे क्रमांक दिसतात आणि क्रमांकाच्या सुरुवातीचे अक्षर बघायचे असते. ‘एम’ म्हणजे खाणपट्टा, ‘पी’ म्हणजे लहान शोधपट्टा. या दोन्हींवर धारकाची लेखी परवानगी लागते. ‘ई’ म्हणजे मोठ्या क्षेत्राचा शोधपरवाना. त्यावर जायचे असेल तर ‘फोर्टी-ई’ परमिटसाठी (आधीचे नाव ‘ट्वेंटी-ए’) खात्याकडे अर्ज करता येतो. हे परमिट तीन महिन्यांचे असते आणि मिळायला वेळ लागतो, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात अर्ज टाकून उपयोग नाही. कुणाचेच नाव नसलेल्या सरकारी जमिनीवर मायनर्स राइट पुरतो.

अवजारे हाताचीच हवीत आणि दोन मीटरपेक्षा खोल जायचे नाही. माणशी खनिजाचे नमुने नेण्याची मर्यादा २० किलो आहे. ती ओलांडायची वेळ आलीच तर काळजी नको, चांगला वकील परवडेल.

बरीचशी मोकळी जमीन मेंढ्यांच्या वा गुरांच्या ‘स्टेशन’ना भाड्याने दिलेली असते. इथले एकेक स्टेशन आपल्याकडच्या तालुक्याएवढे पसरलेले असू शकते. तिथे जाण्याआधी स्टेशनवाल्याला कळवायचे. फोन करा, गाडीचा नंबर सांगा, किती दिवस आणि कुठे असाल ते सांगा. तोच तुम्हाला कुठला रस्ता पावसाने वाहून गेला आहे हे सांगेल. फाटक उघडे दिसले तर उघडे ठेवायचे, बंद दिसले तर मागे बंद करायचे. गुरांच्या पाण्याच्या जागांपासून ४०० मीटर लांब राहायचे. राष्ट्रीय उद्याने वर्ज्य. आदिवासींसाठी राखीव जमिनीवर वेगळी परवानगी लागते, आणि त्यांच्या वारशाच्या जागा १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहेत. दगडांची मुद्दाम केलेली मांडणी, खुणा असलेली झाडे, जुनी पाणवठ्याची कातळकुंडे दिसली की तिथून बाजूला व्हायचे.

दुसरी पायरी: जागा

सोने सापडते ते सोने सापडलेल्या जागी. ऐकायला विनोदी वाटेल, पण नवख्याने याच एका वाक्यावर चालावे.

इथला खडक २६०-२७० कोटी वर्षांपूर्वीचा. हिरवट-काळ्या ग्रीनस्टोनचे पट्टे ग्रॅनाइटच्या मधून गेलेले आहेत. कर्नाटकात कोलार आणि हट्टीचे सोनेही अशाच जातीच्या पट्ट्यांत आहे. खडक झिजत गेला, त्यातल्या गारगोटीच्या शिरा फुटल्या, आणि जड असलेले सोने उतारावर थोडे घसरून मातीत अडकले. म्हणून भूशास्त्रीय नकाशावर ग्रीनस्टोन शोधा, त्यातही ग्रॅनाइटला तो जिथे भिडतो ती कड बघा. प्रत्यक्ष जमिनीवर गारगोटीचे विखुरलेले तुकडे, काळपट-तांबडे लोहदगड आणि उथळ ओहोळांची सुरुवात या खुणा. माती तांबडी आणि खडे जांभ्याच्या जातीचे असल्याने कोकणातल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. मात्र हीच लोहयुक्त माती यंत्राला छळते. ते पुढे येईल.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे जुन्या लोकांनी केलेली उकराउकर. १९०३ मध्ये पर्थजवळच्या मंडेरिंगहून नळाने पाणी येईपर्यंत इथे सोने धुवायला पाणीच नव्हते. म्हणून ते लोक माती वाऱ्यावर, धान्य उपणावे तशी, एका थाळीतून दुसरीत उपणत. धूळ उडून जाई, सोने खाली पडे. पुढे त्यासाठी चाळण्या आणि भाते लावलेली यंत्रे आली. या चाळणीवर अडकलेले मोठे खडे ते बाजूला फेकत, आणि त्या खड्यांबरोबर कधीकधी मातीने लडबडलेला नगेटही जाई. असे बुटके, गोलसर ढीग रानात आजही ओळीने दिसतात. ढिगांवरून, ढिगांच्या मधून आणि उताराच्या वरच्या अंगाला डिटेक्टर फिरवा. कूलगार्डी, मेंझीस, लिओनोरा, लॅव्हर्टन या गावांभोवती असे भाग पुष्कळ आहेत. लोक इतक्या वेळा फिरून गेलेत, आता काय उरणार, असे वाटते खरे. पण प्रत्येक नव्या पिढीच्या यंत्राला आधीच्याला न दिसलेले काहीतरी दिसतेच.

तिसरी पायरी: यंत्र

ढोबळमानाने दोन जाती. व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) जातीचे यंत्र स्वस्त, हलके, लोखंड आणि इतर धातू यांतला फरक बऱ्यापैकी सांगणारे. पण लोहयुक्त मातीत ते सारखे कुरकुरते. पल्स इंडक्शन जातीचे यंत्र कॉइलमधून, म्हणजे दांडीच्या टोकाच्या थाळीतल्या तारेच्या वेटोळ्यातून, जमिनीत विजेचे ठोके सोडते आणि ठोका थांबल्यावर धातूत उरलेला क्षीण प्रवाह ऐकते. मातीचा गोंगाट त्याला कमी बाधतो, म्हणून इथले जाणते लोक तेच वापरतात. ॲडलेडच्या मिनलॅब कंपनीने १९९० च्या दशकात आणलेल्या यंत्रांपासून हा छंद खरा बदलला. नव्या भारी यंत्राला हजारो डॉलर पडतात. पहिल्या फेरीला विकत घेऊ नका. कालगुर्लीत भाड्याने मिळते, आणि देणारा दुकानदार तासभर शिकवून देत असेल तर त्या तासाचे मोल यंत्राच्या भाड्याहून जास्त धरा.

कॉइल लहान असली तर बारीक, वरवरचे सोने पकडते. मोठी कॉइल मोठा तुकडा खोलवर पकडते आणि बारीक सोडून देते. नवख्याने लहान ते मध्यम घ्यावी.

यंत्रासोबत लागते ते असे: रुंद पात्याची हलकी कुदळ, तिच्या पात्यावर चिकटवलेला जोरदार चुंबक, प्लॅस्टिकचे खोरे, हेडफोन, झाकण असलेली छोटी बाटली आणि कचऱ्याची पिशवी. बुटांच्या टोकात लोखंड नको. चेहऱ्यावर माश्यांची जाळी हवीच. इथल्या माश्या नाकातोंडात शिरतात आणि अर्ध्या तासात माणसाला परतीचा रस्ता धरायला लावतात.

चौथी पायरी: कॉइल फिरवणे

सकाळी लवकर सुरुवात करा. मोबाइल बंद करा किंवा गाडीत ठेवा, त्याने यंत्रात खरखर येते. किल्ल्या खिशातून काढा. मग कॉइल जमिनीवर खाली-वर करून यंत्राला त्या मातीची सवय लावायची, याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. माती बदलली की पुन्हा करायचे.

आता हेडफोनमध्ये एक मंद, सलग गुणगुण ऐकू येईल. तिच्यावर कान ठेवून चालायचे. कॉइल जमिनीपासून बोटभर उंचीवर, टोकांना वर न उचलता, संथपणे एका बाजूहून दुसऱ्या बाजूला न्यायची. पुढचा फेर मागच्याच्या अर्ध्यावर येईल इतकेच पाऊल टाकायचे. घाई हा इथला सगळ्यात महागडा दोष. दिवसभरात मैदानाएवढी जागा नीट झाली तरी पुष्कळ. फुटबॉलच्या की क्रिकेटच्या, हे तुमच्या गुडघ्यांवर.

गुणगुणीत बारीकसा उंचवटा किंवा खळगा आला की थांबा. कॉइल थोडी वर उचला: मातीचा आवाज पसरट असतो आणि लगेच विरतो, धातूचा आवाज टोकदार राहतो. आडव्या दिशेने फिरवून पाहा. मग बुटाने वरची बोटभर माती बाजूला करा. आवाज मातीबरोबर सरकला तर बहुधा बंदुकीचा छर्रा, बुटाचा खिळा किंवा डब्याचा पत्रा. आवाज जागीच राहून मोठा झाला तर कुदळ घ्या. काही लोहदगडही आवाज देतात. एकदा त्यांचा सूर कानात बसला की ओळखू येतो, पण सुरुवातीला प्रत्येक आवाज खणायचाच. शिशाचा आवाज सोन्यासारखाच येतो, आणि खणल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

थोडे खणा, कॉइल धरून पाहा, पुन्हा खणा. खड्ड्यात आवाज थांबला म्हणजे वस्तू बाहेर काढलेल्या मातीत आली. प्लॅस्टिकच्या खोऱ्यात ती माती घ्या, कॉइलवरून फिरवा. आवाज आला तर अर्धी माती हातात ओता आणि उरलेली फिरवा. ज्या अर्ध्यात आवाज, ते पुन्हा निम्मे. चुंबकाला काही चिकटले तर खेळ संपला. नाही चिकटले, तर शेवटी तळहातावर चिमूटभर लाल माती उरते आणि तिच्यात एक खडा आकाराच्या मानाने फारच जड लागतो. बोटाने चोळा. सोने असेल तर पिवळा रंग सावलीतही तसाच राहतो. अभ्रक सावलीत मावळते.

एक सापडले की उड्या मारत पुढे जाऊ नका. सोने बहुधा घोळक्याने असते. तिथे खूण करा, भोवतीची जागा पट्ट्यापट्ट्याने, आधी उभी आणि मग आडवी, पिंजून काढा. जुने लोक कमरेला साखळी बांधून मागे ओढत, म्हणजे मातीत रेघ उमटते आणि कुठवर झाले ते कळते. जीपीएसच्या जमान्यातही ही युक्ती सरस आहे.

प्रत्येक खड्डा लगेच बुजवायचा. नियम आहेच, शिवाय रात्री त्यात मेंढीचा पाय जाऊन मोडतो.

जिवाची काळजी

हा भाग यंत्राच्या आधी वाचावा असा आहे. मे ते सप्टेंबर हाच हंगाम. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा जाऊच नये. हिवाळ्यात दुपार सुखद, पण रात्र गोठवणारी. जाड स्लीपिंग बॅग न्या. पाणी माणशी दिवसाला दहा लिटर धरा आणि दोन दिवसांचे जादा ठेवा. दोन स्टेपनी घ्या. प्रत्येक गावात टाकी भरा. गाव सोडले की मोबाइलची रेंज जाते, म्हणून सॅटेलाइट फोन किंवा नोंदणी केलेला आपत्कालीन बीकन (संकटात आपले ठिकाण कळवणारे छोटे यंत्र) जवळ हवा. बीकन गाडीत नाही, अंगावर. पहाटे आणि तिन्हीसांजेला गाडी चालवणे टाळा, कांगारू थेट बॉनेटवर येतात.

सगळ्यात मोठा धोका जुन्या विहिरीसारख्या खाणींचा. हजारोंनी आहेत, कित्येकांना कठडा नाही, काहींच्या तोंडावर झुडूप उगवलेले. कडेची माती आतून पोखरलेली असते, म्हणून डोकावायलाही जायचे नाही. हेडफोन लावून, मान खाली घालून उलट्या पावली चालणे तर अजिबात नको. मुले बरोबर असतील तर ढिगांच्या भागात त्यांना मोठ्यांच्या हाताच्या अंतरात ठेवा.

हरवलात तर गाडीजवळच थांबा. शोधणाऱ्याला माणसाआधी गाडी दिसते. साप चावला तर जखम धुऊ नका, चिरू नका. बोटांपासून वरपर्यंत घट्ट पट्टी गुंडाळा, हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका आणि मदत मागवा. निघण्याआधी पर्थमध्ये कुणाला तरी मार्ग, मुक्काम आणि ‘अमुक दिवशी फोन आला नाही तर पोलिसांना कळव’ एवढे लिहून द्या.

सापडलेच तर

साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, एवढेच. गारगोटीला चिकटलेले सोने फोडून काढू नका. अशा देखण्या तुकड्याला संग्राहक वजनाच्या भावापेक्षा जास्त देतात, आणि फोडला की तो नुसता भंगार उरतो. वजन ग्रॅममध्ये करा. खरेदीदार ट्रॉय औंसात बोलतात, एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. एकापेक्षा जास्त ठिकाणी भाव विचारा. जागा मात्र कुणालाही सांगू नका, भाव विचारतानाही नाही.

गावच्या सराफाला दाखवायची हौस असेल तर भारतात उतरल्यावर कस्टम्सला तुकडा आपणहून जाहीर करा. परदेशात वर्षाहून अधिक राहिलेल्यांना मिळणारी शुल्कमाफी दागिन्यांना आहे, नगेटला नाही.