मासे सोडण्यापूर्वी टाकी तयार झाली का?
खाऱ्या पाण्याची नवी टाकी कितीही नितळ दिसली, तरी माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात येणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू खडकांवर व वाळूत रुजेपर्यंत तीत मासे सोडू नयेत. त्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. पंप अखंड चालू ठेवून, जिवाणूंना खाद्य म्हणून, अमोनिया २ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत २ भाग) होईल एवढेच अमोनियम क्लोराइड घालावे. यासाठी जिवंत मासा वापरणे निव्वळ क्रूरपणाचे आहे. मध्यंतरी काचेवर तपकिरी थर धरतो, त्याची चिंता नसावी. घातलेला अमोनिया २४ तासांत नाहीसा होऊन चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले, की बरेचसे पाणी बदलून साचलेले नायट्रेट कमी करावे आणि एकच मासा सोडावा.